अर्ध्यावरचा काटा

गणपतीच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, भिसे खिंडीच्या पायथ्याशी हैबतरावांची जीप दोन आचके देऊन थांबली. मागे चार गणपती होते. पेणहून आणलेले, तोंडावर रुमाल टाकलेले, एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये पेंढा कोंबलेला. तिकडे त्यांच्या निडी गावात चार घरांतली माणसं मखर सजवून वाट बघत बसली होती.

हैबतरावांनी आधी डिझेलचा काटा बघितला. अर्ध्यावर होता. म्हणजे डिझेलची काळजी नव्हती. त्यांनी चावी बंद केली, जडशीळ अंग सावरत खाली उतरले आणि बॉनेट उघडलं. हैबतराव नावाला शोभतील असेच होते. उंचीला बेताचे, पण रुंदीला दोन माणसांचे. सीटवर बसले की गाडी त्यांच्या बाजूला जराशी कलायची. सरकारी लिलावातून घेतलेल्या त्या जीपमधून त्यांनी उमेदीत पेणच्या मिठागरांवरचं मीठ वाहिलं, मग वऱ्हाडं वाहिली आणि आता म्हातारपणी निडीतून धाटावच्या कंपन्यांत जाणारी शिफ्टची माणसं वाहत होते. गाडीचा ठोका त्यांना स्वतःच्या छातीच्या ठोक्यासारखा ओळखू यायचा. त्यांनी फिल्टर बघितला, नळ्या चाचपल्या, पट्टा ओढून बघितला. काही सापडेना. शेवटी आपली खात्री असावी म्हणून झुडपाची एक काडी मोडून टाकीत घातली.

काडी कोरडी बाहेर आली.

हैबतराव काडी घेऊन परत बॉनेटपाशी आले आणि तिच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात रोह्याकडून मोरू स्कूटरवरून आला. त्यांच्याच गावचा, त्यांच्या मुलाबरोबर, पोपटबरोबर, एकाच कंपनीत कामाला.

"काका, काय झाला?"

"डिझेल संपला असा वाटतो. पण काटा अर्ध्यावर हाय रे."

मोरूने बाहेरूनच वाकून चावी फिरवली आणि डोकावून बघितलं. "अर्ध्यावर? काका, काटा पार खाली पडलाय."

हैबतराव धावत आले. काटा खरोखरच तळाला होता, आडवा पडून राहिलेल्या गुरासारखा.

"आत्ता अर्ध्यावर व्हता! ह्या डोळ्यांनी बघितला!"

मोरू हसला नाही, पण न हसण्याची धडपड त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. "असंल काका. होतं असं कधी कधी."

डिझेलची गाडी एकदा कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही. नळ्यांत हवा शिरते, ती काढत बसावं लागतं. गणपतींना तेवढा वेळ नव्हता. मागून दुधाचा रिकामा टेम्पो आला, त्यात चारही मूर्ती चढवल्या आणि त्या हैबतरावांना मागे टाकून घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत निडीपासून रोह्याच्या बाजारापर्यंत एकच गोष्ट झाली होती: हैबतरावांनी डिझेल न भरताच गणपती आणायला गाडी काढली, आणि वर काट्यावर ढकललं.

हे पहिल्यांदा झालं असतं तर लोक विसरले असते. पण श्रावणातही एकदा जीप अशीच थांबली होती. पहिल्या शिफ्टची माणसं भरलेली, आणि टाकी कोरडी ठाक. तेव्हाही हैबतराव म्हणाले होते की काटा अर्ध्यावर होता. त्या दिवशी सगळी शिफ्ट गेटवर उशिरा पोचली आणि साहेबाचं ऐकून घेतलं ते पोपटने, कारण माणसं त्याच्या शब्दावर जीपमध्ये बसत होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी गणपती बसले, संध्याकाळी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तसा पोपट बापासमोर येऊन बसला. बापाच्या अगदी उलट बांधा. किडकिडीत, लांबट, शर्टात हरवल्यासारखा.

"बाबा, रागावू नका. पण आता बास करा."

"काय बास करू?"

"गाडी. तुमच्या ध्यानात ऱ्हात नाय आता. छत्री पेणच्या ष्टँडवर सोडून आलात. माझ्या पोरीला शकू म्हणून हाक मारता. शकू तर माझी बहीण, ती सासरी हाय. परवा तीच बातमी मला तीनदा सांगितलीत."

हे सगळं खरं होतं.

"डिझेल भरायचा राह्यला असंल, तर तसं सांगा. काट्यावर कशाला घालता?"

"काटा पावावर आला की मी भरतो. तीस वर्षं तसाच करतो. तो पावावर आलाच नाय, अर्ध्यावरच व्हता. मी काय करू?"

"मोरूनं बघितला ना काटा. शून्यावर व्हता." पोपटने आवाज खाली आणला. "चावी माझ्याकडं ऱ्हाऊ दे. दिवाळीनंतर गिऱ्हाईक बघू."

आणि त्याने खुंटीवरची चावी काढून खिशात टाकली. ओरडला असता तर हैबतरावांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण पोरगं आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोललं, आणि त्यांनी चावी जाऊ दिली.

पुढचे दिवस हैबतराव ओटीवर बसून राहिले. येणारा-जाणारा गणपतीच्या पाया पडायचा, मोदक खायचा आणि जाता जाता म्हणायचा, "काय काका, काटा काय म्हणतो?" ते मान हलवायचे. लोकांच्या हसण्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. त्यांना दुसरंच काहीतरी आतून कुरतडत होतं. खिंडीच्या पायथ्याशी आपण काटा अर्ध्यावर बघितला तो खरंच त्या दिवशी बघितला, की दुसऱ्याच कुठल्या दिवशी बघितलेला आपल्या डोक्यात त्या दिवसावर जाऊन बसला? छत्री विसरणारं डोकं काटाही विसरू शकतंच की. ते डोळे मिटून तो क्षण परत समोर आणायला बघायचे. काच, काचेवरचा तडा, त्यामागचा पांढरा काटा. प्रत्येक वेळी तो अर्ध्यावरच दिसायचा. पण जितक्या वेळा बघावं तितका तो जास्त पुसट व्हायचा.

गौरी-गणपती गेले तशी त्यांनी पोपटला गाठलं. "गाडी विकायची तर वीक. पण आधी काटा तपासायचा. तुझ्यासमोर."

पोपटला नाही म्हणवेना. सुट्टीच्या दिवशी तो स्वतः जीप घेऊन रोह्याला निघाला. हैबतराव स्वतःच्या गाडीत बाजूच्या सीटवर बसले, हात मांडीवर घेऊन, पाहुण्यासारखे. सबंध वाटेत त्यांची नजर काट्यावर होती. काटा पावाच्या खाली होता, आणि टाकीतही तेवढंच डिझेल होतं.

केरूचं बॅटरी-वायरिंगचं दुकान धाटावकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. त्याने ड्रायव्हरची सीट उचलून बाहेर मातीत ठेवली. जुन्या जीपची टाकी सीटच्या खालीच असते. टाकीच्या डोक्यावर एक वाटोळी झाकणी, झाकणीवर एक खिळा आणि खिळ्याला एक वायर.

"बघा काका," केरू म्हणाला, "आत एक पितळी डबा तरतो. डिझेल उतरला की डबा उतरतो. त्याची खबर ह्या वायरीतनं काट्याला जाते. आता चावी चालू हाय ना? वायर काढतो."

वायर काढताच काटा शून्यावर पडला.

"आता हीच वायर गाडीच्या पत्र्याला टेकवतो."

काटा उडी मारून थेट 'फुल'ला जाऊन भिडला. म्हणजे काटा चांगला, वायर चांगली. मग केरूने झाकणी खोलून पितळी डबा बाहेर काढला, दांडा वरखाली केला. काटा त्याच्याबरोबर निमूटपणे वर चढला, खाली उतरला. डबा हलवून बघितला, आत डिझेल शिरलेलं नव्हतं. दांडा कुठं अडकत नव्हता.

"ही अर्थिंग मात्र मिठानं खाल्लीय," केरू म्हणाला आणि चासीवरचा गंज कानशीने घासू लागला.

हैबतरावांचा चेहरा उजळला. "मग तोच दोष! त्याच्यानंच काटा अर्ध्यावर अडकत असंल!"

केरूने पोपटकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "नाय काका. अर्थिंग खराब असली तर ह्या गाडीचा काटा खाली पडतो, वर नाय चढत. असंल त्याच्यापेक्षा कमी दाखवंल. तुमी म्हणता ते उलटा हाय."

त्याने सगळं जोडून, सीट परत बसवून डबाभर डिझेल ओतलं. काटा जेवढा चढायला हवा तेवढाच चढला. "काटा सोन्यासारखा हाय, काका."

पोपटने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "चला बाबा, घरी जाऊ." त्या हातात राग नव्हता. दया होती. हैबतरावांनी खांदा झटकला.

"सोड. मी काय आंधळा नाय."

"तसा कोण म्हणतो?"

"सगळेच म्हणता. तोंडानं नाय म्हणत एवढाच."

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. मैना, त्यांची बायको, परसात वालाच्या शेंगा सोलायला बसली होती. हैबतराव तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, तरी त्या दोघांत बोलणं कमीच. पण जे बोलायचं ते सरळ.

"तू पण तसाच समजतेस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"माझा डोका गेला म्हणून."

मैनाने हातातली शेंग खाली ठेवली. "तुमी विसरता. मीठ घातलेल्या आमटीत परत मीठ घालता. मी कशाला खोटा सांगू? पण काटा तुमी खरा बघितला व्हता का? का नुसता वाटतो?"

जगात दुसऱ्या कोणाला हैबतरावांनी हे सांगितलं नसतं. "मला म्हायती नाय गो आता. आधी पक्का म्हायती व्हता. सगळ्यांनी मिळून तो पण काढून घेतला माझ्याकडनं."

मैना उठली. पदर खोचला. "मग परत बघू. आता दोघं बघू. तुमी चालवा, मी काट्याकडं बघते. मी काय अजून विसरत नाय."

"चावी पोपटकडं हाय."

"पोपट माझ्या पोटी आला, मी नाय त्याच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपट शिफ्टला निघाला तेव्हा मैना दारात उभी होती. तिने हात पुढे केला. "चावी दे."

"आय, कशाला?"

"गाडी काढायचीय."

"चालवणार कोण?"

"ज्याला येते तो."

"आय, वाटंत काय झाला म्हणजे? मी जबाबदार धरला जाईन."

"तुझ्या बापाची गाडी हाय. तू त्याला जबाबदार कधीपासून झालास? दे."

मोरू स्कूटर चालू ठेवून वाट बघत होता. पोपटने आईकडे बघितलं, मग ओटीवर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बापाकडे, आणि चावी तिच्या हातावर ठेवून रागारागाने स्कूटरवर बसला.

हैबतरावांनी टाकीच्या बुडाचा नट सोडून डिझेल एका डब्यात काढलं आणि थोडंच आत ठेवलं. डबा मागे बांधला. मैनाने विचारलं, "कुठं जायचा?"

"धाटावला. शिफ्ट सुटायच्या वेळंला."

"गावाबाहेर कुठं तरी बघू ना. एवढ्या लोकांत कशाला?"

"जिथं माझ्यावर हसले तिथंच बघायचा. मी खोटा पडलो तर तिथंच पडंन. चावी त्यांच्यासमोर पोपटला देईन, आणि परत सीटवर पाय ठेवणार नाय."

मैना बाजूच्या सीटवर चढून बसली आणि काट्यावर नजर लावली, दुधाच्या पातेल्यावर लावावी तशी. "अवो, अर्ध्यावर हाय," ती निघतानाच म्हणाली.

"तू बघत ऱ्हा. पापणी नको हलवू."

त्यांनी निडीतून गाडी काढली. रोहा आलं, कुंडलिकेचा पूल आला. काटा अर्ध्यावर. धाटावच्या कंपन्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. काटा अर्ध्यावर. शिफ्ट सुटायला वेळ होता म्हणून हैबतरावांनी एमआयडीसीच्या रस्त्यांवर फेऱ्या मारायला सुरुवात केली. पानवाला, चहावाला, गेटवरचा वॉचमन, सगळे बघू लागले की ही दोघं म्हातारी जीपमधून देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी का फिरताहेत. मैनाने कोणाकडे बघितलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, तिने ते पुसलंही नाही.

भोंगा झाला. गेट उघडलं आणि माणसं बाहेर लोटली. हैबतराव गेटसमोरून वळले, आणि तिथेच जीपने आचका दिला. पुढे दुसरा. मग इंजिन मेलं.

"अर्ध्यावर!" मैना किंचाळली. "अर्ध्यावर हाय! गाडी मेली, काटा अर्ध्यावर हाय! मी बघतेय!"

हैबतरावांनी बघितलं. पांढरा काटा, काचेवरचा तडा, आणि अर्ध्यावरची ती खूण. त्यांना वाटलं छातीवरचा दगड कोणी तरी उचलला. डोकं गेलेलं नव्हतं. त्यांनी चावी तशीच चालू ठेवली आणि दाराबाहेर तोंड काढून ओरडले, "पोपट! कुठं हाय पोपट? ये, बघ!"

पोपट मोरूबरोबर गर्दीतून पुढे आला. तोंड पडलेलं. आईबाप असे चारचौघांत, कंपनीच्या दारात. हैबतराव त्याला जागा करून द्यायला लगबगीने खाली उतरले. "बघ! अर्ध्यावर हाय का नाय?"

पोपटने वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "बाबा," तो म्हणाला, "काटा शून्यावर हाय."

कोणी तरी खिदळलं. मग आणखी कोणी. मैना सीटवरून ओरडली, "आत्ता अर्ध्यावर व्हता! मी शपथ घेते!"

"आय, तू पण?" पोपट म्हणाला. आता त्याच्या आवाजात रडं होतं.

हैबतरावांनी जीपच्या दाराला धरलं. क्षणभर त्यांना वाटलं, बस. चावी काढावी, पोराच्या हातात द्यावी आणि घरी जाऊन ओटीवर बसावं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. ती ओक्साबोक्शी रडत होती, पण नजर अजून काट्यावरच होती. तिचं डोकं तर कधी कोणी गेलेलं म्हटलं नव्हतं. दोन माणसांचे डोळे एकाच वेळी कसे चुकतील?

"सरका," ते म्हणाले.

"कुठं चाललात बाबा?"

"सरक म्हटला ना! मी बसून बघितला, तर बसूनच बघणार." आणि ते ज्या तोऱ्यात उतरले होते त्याच्या दुप्पट तोऱ्यात चढून धपकन सीटवर बसले.

"वर आला!" मैना ओरडली.

पोपटने मान आत घातली. काटा अर्ध्यावर होता. त्याने डोळे चोळले.

"उतरा बाबा."

हैबतराव उतरले. काटा पडला.

"बसा."

ते बसले. काटा चढला.

"परत उतरा," मोरू मागून म्हणाला. आता कोणी हसत नव्हतं. जे हसत होते ते वेगळ्या कारणाने हसत होते. हैबतराव उतरले, बसले, उतरले. घामाने भिजले, पण थांबेनात. गर्दी एका आवाजात म्हणू लागली, "पडला! चढला! पडला!"

"बाजूला व्हा, मी बसतो," पोपट म्हणाला. तो बसला. काटा हलला नाही. तो सीटवर उड्या मारू लागला तेव्हा काट्याने जरासा झटका दिला आणि परत पडला.

"तू कसला हलवतोस," मैना डोळे पुसत म्हणाली. "अंगावर मांस असंल तर ना. वजनाचा खेळ हाय हा."

मग पोपटनेच सीट उचलली. केरूने मातीत ठेवली होती तशी ठेवली नाही. उलटी केली. खाली मैनानेच कधी काळी शिवलेलं गोणपाट होतं, आणि गोणपाटाला भोक पाडून एका तुटलेल्या स्प्रिंगचं टोक खाली आलं होतं, कोंबडीच्या नखासारखं वाकडं. सगळी स्प्रिंग गंजून तांबडी झालेली, फक्त ते टोक घासून चकचकीत. टाकीच्या झाकणीवरच्या खिळ्यावरही तसाच एक चकचकीत ओरखडा होता.

पोपट एका गुडघ्यावर बसला. त्याला केरूचं बोलणं आठवलं असावं. त्याने सीट आडवी धरून ते टोक हळूच खिळ्याला टेकवलं आणि सीटचा पत्रा गाडीच्या पत्र्याला लावला. "आय, काय म्हणतो काटा?"

"चढला. अर्ध्यापर्यंत चढला रे."

पोपटने टोक काढलं. "आता?"

"पडला."

"बाबा बसले की स्प्रिंग दबते, खिळ्याला लागते," पोपट सावकाश म्हणाला, जणू स्वतःलाच समजावत होता. "करंट इकडनं पण उतरतो. गंजलेली हाय म्हणून पुरता फुल नाय दाखवत, अर्ध्यावर ऱ्हातो. टाकीत असो नाय तर नसो. आणि मी चालवतो तेव्हा..." तो थांबला. "मी चालवतो तेव्हा लागतच नाय."

मोरू मान खाली घालून म्हणाला, "काका, त्या दिवशी खिंडीत तुमी खाली उतरलेले व्हतात."

"व्हय. बॉनेटपाशी व्हतो."

पोपट उठून उभा राहिला. गुडघ्याला माती, हाताला गंज. "बाबा, मी... मला वाटला तुमचा..."

"तुला वाटला तो काय सगळाच खोटा नाय," हैबतराव म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण गेटपर्यंत ऐकू गेला. "विसरतो मी. छत्री विसरतो, नावं विसरतो. उद्या कदाचित तुझा नाव पण विसरंन. पण म्हणून माझा सगळाच खोटा? मी बघितला म्हणतो तर एकदा माझ्या जागंवर बसून बघशील का नाय? सगळ्यांनी बाहेरनं वाकून बघितला."

"चुकला माझा."

"चुकू दे. गाडी विकायची नाय. चालवायचा बंद कधी करायचा ते मी ठरवीन. तू नाय, मोरू नाय, गाव नाय. कळला?"

पोपटने मान डोलावली.

"मग बघत काय ऱ्हायलास? तो डबा सोड. हवा काढायचीय."

पोपटने कंपनीच्या कपड्यांतच बाह्या वर सारल्या. डिझेल ओतलं आणि हातपंप मारू लागला. मोरूने नट ढिला करून धरला. फसफसत फेस आला, मग फेस थांबून स्वच्छ धार लागली. चहावाल्याने एक फाटकी सायकलची ट्यूब आणून दिली. तिचा तुकडा कापून मोरूने खिळ्यावर चढवला, आणि पक्कडीने स्प्रिंगचं टोक वर वळवून गोणपाटात खोचलं. हैबतराव सीटवर बसले. चावी फिरवली. काटा पावाच्या खाली येऊन थांबला आणि थांबूनच राहिला. डब्यातलं तेवढंच टाकीत गेलं होतं.

"खरा बोलला," मैना म्हणाली.

"निडीची माणसं, चला!" हैबतरावांनी हाक दिली, श्रावणाच्या आधी रोज द्यायचे तशी. क्षणभर कोणी हललं नाही. मग मोरू स्कूटर एका दोस्ताच्या हवाली करून मागे चढला. त्याच्यामागून एकेक करत जीप भरली. पोपट हात पुसत पुढच्या दाराशी आला आणि सवयीने आत पाय ठेवू लागला.

"मागं बस," हैबतराव म्हणाले. "पुढं तुझी आय बसलीय."

पोपट मागे जाऊन फळीवर दाटीवाटीने बसला. हैबतरावांनी पहिला गिअर टाकला. डिझेल भरायला गेटसमोरच्या पेट्रोलपंपावर वळताना त्यांनी मैनाला विचारलं नाही, काट्याकडेही बघितलं नाही. हॉर्न दाबला, लांबलचक, आणि वॉचमनपासून पानवाल्यापर्यंत ज्याला ज्याला वळून बघावंसं वाटलं त्याला बघू दिलं.